पिंजऱ्यातली कमाई

आपल्या गप्पांत आतापर्यंत लढाया, किल्ले, तह, सैन्याच्या रसदी असे विषय झाले. आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, साहेबांना हे काय सुचले? आजचा विषय आहे, पिंजऱ्यात उतरून हाणामारी करणाऱ्या व्यावसायिक लढवय्यांना पैसे किती मिळतात, आणि तितकेच का मिळतात.

हा विषय माझ्याकडे एका फोनवरून आला. माझ्या जुन्या पलटणीतला एक हवालदार निवृत्तीनंतर बेळगावजवळच्या त्याच्या गावी असतो. त्याचा मुलगा बावीस वर्षांचा. लहानपणापासून तालमीत वाढलेला, अंगाने घट्ट, मातीवर आणि मॅटवर दोन्हीकडे तयार. क्रीडा कोट्यातून त्याला रेल्वेत नोकरीची संधी आली आहे. पण गेली दोन वर्षे तो बंगळूरला एमएमए शिकतो आहे, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. कुस्ती, बॉक्सिंग, किक, गळपट्टे, सगळे एकत्र. हवालदार म्हणाला, "साहेब, पोरगं नोकरी नको म्हणतंय. त्यात कोटी कोटी मिळतात म्हणतंय. तुम्हीच सांगा त्याला." पाठोपाठ पोराने मोबाइलवर मला एक यादी पाठवली. पहिले नाव कॉनर मॅकग्रेगर, पुढे अठरा कोटी डॉलर. खाली त्याने लिहिले होते, "साहेब, हे बघा."

मी बघितले. महिनाभर बघत होतो. त्यातून जे समजले ते आज तुमच्यासमोर मांडतो.

सुरुवात दोन लढतींपासून करू. ८ मार्च १९७१. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. महंमद अली विरुद्ध जो फ्रेझियर, हेवीवेट बॉक्सिंगचे विश्वविजेतेपद. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. हरणाऱ्यालाही तितकेच. २०२२ च्या किमतीत ती रक्कम प्रत्येकी सुमारे पावणेदोन कोटी डॉलर होते.

आता दुसरी लढत. २२ जानेवारी २०२२, कॅलिफोर्नियातले अॅनाहाइम. यूएफसी, म्हणजे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, ही एमएमएमधली जगातली सर्वांत मोठी कंपनी. तिचा हेवीवेट विजेता फ्रान्सिस एनगानू. मूळचा कॅमेरूनचा. लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला, २०१३ साली पॅरिसला पोचला तेव्हा रस्त्यावर झोपलेला. त्याने त्या रात्री सिरिल गान या फ्रेंच प्रतिस्पर्ध्याला हरवून किताब राखला. कॅलिफोर्नियाच्या आयोगाकडे नोंदलेली त्याची रक्कम ६ लाख डॉलर. गानची ५ लाख.

मधे पन्नास वर्षे गेली. टीव्ही घरोघरी पोचला, उपग्रह आले, इंटरनेट आले, पाहणारे जगभर पसरले. तरीही जगज्जेत्या हेवीवेटची जाहीर रक्कम अली-फ्रेझियरच्या आकड्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही, आणि महागाई धरली तर तीस भागांतला एक भाग. दोघेही जिवावर उदार होऊन लढणारे. मग फरक कशाने पडला?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९७१ मध्ये अली आणि फ्रेझियर यांची लढत ही बाजारात विकायला आलेली वस्तू होती आणि घेणारे अनेक होते. प्रवर्तकांची चढाओढ लागली. शेवटी जेरी पेरेंचिओ नावाच्या एजंटाने जॅक केंट कुक या धनाढ्य माणसाचे पैसे उभे केले आणि बोली जिंकली. अली कुणा एका कंपनीचा नव्हता. किताब देणारी संस्था वेगळी, लढत भरवणारा वेगळा, पैसा लावणारा वेगळा. जो जास्त देईल त्याच्याकडे जायला दोघे मोकळे होते.

यूएफसीची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. १२ नोव्हेंबर १९९३, कोलोरॅडो राज्यातले डेन्व्हर शहर. आठ लढवय्ये, एकाच रात्री बाद फेरी. वजनगट नाहीत, फेऱ्यांना मुदत असून नसल्यासारखी, हातात मोजे घालायची सक्ती नाही. सुमो, किकबॉक्सर, बॉक्सर, कराटेवाला, ज्याची जी विद्या असेल ती घेऊन या. जिंकला तो अंगाने सगळ्यांत किरकोळ दिसणारा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी. तीन माणसांना त्याने एकामागून एक शरण आणले आणि ५० हजार डॉलरचे बक्षीस घेऊन गेला.

आपल्याकडच्या जत्रेच्या फडासारखेच होते ते. आमच्या गावच्या जत्रेत दुपारी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होत, संध्याकाळी मोठ्या जोडी लागत आणि हलगी कडाडली की शेवटच्या जोडीचे इनाम पुकारले जाई. पैलवान त्या दिवशी आमच्या गावात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. गावाने कमी इनाम लावले तर तो यायचाच नाही. करार वगैरे काही नव्हते.

पण अमेरिकेतला तो फड टिकेना. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज ठरवून मोहीम चालवली. अनेक राज्यांनी बंदी घातली, केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबवले. धंदा बुडायला आला. जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासच्या फर्टिटा बंधूंनी ही कंपनी अवघ्या २० लाख डॉलरला विकत घेतली आणि त्यांचा मित्र डेना व्हाइट कारभारी झाला. नियम आले, वजनगट आले, राज्यांचे परवाने मिळू लागले. तरी पहिली काही वर्षे मालकांनी कोट्यवधी डॉलरचा तोटा सोसला. २००५ साली त्यांनी लढवय्यांना एका घरात ठेवून टीव्हीवर स्पर्धा दाखवली. त्या स्पर्धेची ९ एप्रिलची अंतिम लढत, फॉरेस्ट ग्रिफिन विरुद्ध स्टीफन बॉनर, अमेरिकेने डोक्यावर घेतली. तिथून कंपनीने मागे वळून पाहिले नाही.

इथे मालकांच्या बाजूचे एक खरे बोलले पाहिजे. बुडत्या धंद्यात त्यांनी पदरचा पैसा घातला. त्यांनी तो घातला नसता तर आज ना हा खेळ राहिला असता, ना कमाईचा प्रश्न. २०११ मध्ये त्यांनी लढवय्यांना अपघात विमा दिला, त्यात सरावातल्या दुखापतीही धरल्या. हे नोंदवून पुढे जाऊ.

पुढे काय झाले? प्रतिस्पर्धी कंपन्या एकेक करून यूएफसीच्या मालकांनी विकत घेतल्या. २००६ मध्ये डब्ल्यूईसी, २००७ मध्ये जपानची नावाजलेली प्राइड, २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स. आमच्या भाषेत सांगायचे तर एकेक ठाणे घेत गेले. अव्वल लढवय्याला दुसरे मोठे दार उरले नाही. २०१६ च्या जुलैमध्ये ही कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली गेली. २० लाखांची वस्तू पंधरा वर्षांत दोन हजार पट झाली.

आता लढवय्याच्या खिशाकडे येऊ. त्याला महिन्याचा पगार नसतो. कायद्याने तो नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे. पैसे लढतीवर मिळतात आणि त्यांचे दोन भाग असतात. उतरल्याबद्दल एक रक्कम, जिंकल्याबद्दल तितकीच आणखी एक. नवख्याचा करार बरीच वर्षे "दहा आणि दहा" किंवा "बारा आणि बारा" असा चालला. म्हणजे उतरलास तर १० हजार डॉलर, जिंकलास तर आणखी १०. त्याखेरीज त्या रात्रीच्या उत्तम लढतीला आणि उत्तम कामगिरीला बक्षीस. हे अनेक वर्षे ५० हजार डॉलर होते. ज्याला मिळाले त्याची दिवाळी, पण एका रात्री वीस-पंचवीस लढवय्यांपैकी ते चौघांना मिळणार.

जिंकण्याची रक्कम कशी लटकलेली असते ते पाहा. ८ जून २०२४ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्याची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. अभिमानाची गोष्ट. तो निर्णय तीन पंचांपैकी दोघांनी तिच्या बाजूने दिला, एकाने विरुद्ध. अशा करारात आणखी एका पंचाचे मत फिरले तर त्या रात्रीची निम्मी कमाई गेली. तेवढेच ठोसे खाल्ले, तेवढेच रक्त सांडले, पैसे निम्मे.

आणि एकाच पिंजऱ्यात उभ्या असलेल्या दोघांत अंतर किती? ३० डिसेंबर २०१६ ला अमांडा नुनेसने रोंडा राउझीला ४८ सेकंदांत हरवले. नुनेस त्या वेळची विजेती. तिला उतरण्याचे १ लाख आणि जिंकण्याचे १ लाख, एकूण २ लाख डॉलर. हरलेल्या राउझीला ३० लाख. कारण तिकिटे राउझीच्या नावावर खपत होती. यात मला गैर वाटत नाही, बाजार असाच चालतो. पण मनगटातल्या जोरावर पैसा ठरतो असे ज्याला वाटते त्याने ही लढत लक्षात ठेवावी.

पूर्वी लढवय्ये चड्डीवर, फलकावर जाहिराती लावून वरखर्च काढत. जुलै २०१५ पासून सगळ्यांना कंपनीने ठरवलेला एकच गणवेश आला, रीबॉकचा. वैयक्तिक जाहिराती बंद. बदल्यात पाच लढतींपर्यंतच्या माणसाला लढतीमागे २,५०० डॉलर, एकवीसच्या पुढे गेलेल्याला २० हजार, विजेत्याला ४० हजार. २०२१ मध्ये व्हेनम कंपनी आली तेव्हा नवख्यासाठी हा आकडा ४ हजार झाला. मला गणवेशाचे वावडे नाही, आयुष्य त्यातच गेले. पण सैन्यात गणवेशाबरोबर रेशन, दवाखाना आणि पेन्शन येते.

आता पोराच्या यादीतला पहिला माणूस. मॅकग्रेगर. डब्लिनचा. एप्रिल २०१३ मध्ये तो यूएफसीत पहिल्यांदा उतरला, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत सरकारी बेकारभत्त्यावर जगत होता. त्या रात्री त्याला ६० हजारांचे बक्षीस मिळाले. तीन वर्षांत त्याची जाहीर रक्कम एका लढतीला ३० लाखांवर गेली. २०१७ मध्ये त्याने बॉक्सिंगमध्ये फ्लॉइड मेवेदरशी लढत घेतली, तिथे त्याची नुसती हमीची रक्कम ३ कोटी होती. मेवेदरची १० कोटी. आणि २०२१ च्या फोर्ब्जच्या यादीत तो १८ कोटी डॉलरसह जगातल्या सर्व खेळाडूंत पहिला आला.

इथे मी पोराला फोन केला. म्हटले, "यादी नीट वाचलीस का? १८ कोटींपैकी लढतीतले किती?"

"किती, साहेब?"

"सव्वादोन कोटींच्या आत. बाकीचे पावणेसोळा कोटींहून जास्त बाहेरचे. त्यात मोठा वाटा व्हिस्कीची कंपनी विकल्याचा. आणि त्याआधी सर्वांत मोठी हमी कुठली? बॉक्सिंगची. पिंजऱ्याबाहेरची."

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण साहेब, बॉक्सिंगमध्ये एवढे का देतात?"

हाच खरा प्रश्न. उत्तर कायद्यात आणि कराराच्या कागदात आहे.

बॉक्सिंगमधल्या लबाड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने २००० साली एक कायदा केला, महंमद अलीच्याच नावाचा. प्रवर्तकाने लढतीतून आपण किती कमावतो हे बॉक्सरला सांगितले पाहिजे. प्रवर्तक आणि बॉक्सरचा व्यवस्थापक एकच असता कामा नये. लढत हवी तर पुढची अनेक वर्षे लिहून दे, अशी सक्ती चालणार नाही. हा कायदा एमएमएला लागू नव्हता. इथे लढत भरवणारा, क्रमवारी राबवणारा, किताब देणारा आणि किताब काढून घेणारा एकच. करार एकाच कंपनीशी बांधलेला, दुसरीकडे लढायचे नाही. विजेता झालात तर मुदत वाढायची. दुखापत झाली किंवा लढत नाकारली तर तेवढा काळ मुदतीच्या पुढे जोडला जायचा. कंपनी मात्र हरलेल्याला सोडून देऊ शकते.

डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली, नेट क्वारी, जॉन फिच अशा काही लढवय्यांनी यूएफसीवर खटला भरला. म्हणणे असे की कंपनीने बाजार ताब्यात घेऊन आमची मजुरी दाबून ठेवली. नेवाडाच्या संघराज्य न्यायालयात तो दहा वर्षे चालला. त्यातून जगाला पहिल्यांदा आतले हिशेब दिसले. कंपनीच्या उत्पन्नातला लढवय्यांचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. अमेरिकेतल्या बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा जातो. तिथे संघटना आहेत, सामूहिक करार आहेत.

तो निम्मा वाटा त्यांना कुणी दानात दिला नाही. बेसबॉलचे पाहा. तिथेही एकदा सही केली की खेळाडू त्या संघाला जन्मभर बांधलेला असे. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने तो फास सोडवला. त्या वर्षी सरासरी पगार सुमारे ४५ हजार डॉलर होता, १९८० मध्ये १ लाख ४० हजारांवर गेला. पाच वर्षांत कुणाचा हात तिप्पट जोरात फिरायला लागला नव्हता. फक्त दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभा मिळाली होती.

यूएफसीच्या खटल्यात २०२४ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली, ती न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी अपुरी म्हणून फेटाळली. मग कंपनीने ३७.५ कोटी देऊ केले. त्या वेळी अनेक जुन्या लढवय्यांनी न्यायालयाला लिहून दिले की आता थांबणे आम्हाला परवडणारे नाही. कुणाच्या डोक्याला मार बसून स्मृती जाऊ लागलेली, कुणाचे घर जाण्याच्या बेतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड मंजूर झाली. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात लढलेल्या हजाराहून अधिक जणांत ती वाटली जाणार. कंपनीने चूक कबूल केलेली नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीने पॅरामाउंटशी सात वर्षांचा प्रक्षेपण करार केला, ७७० कोटी डॉलरचा.

एनगानूचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्याने कंपनीकडे पैशापलीकडे काही मागण्या केल्या. बॉक्सिंगची मुभा, लढवय्यांसाठी आरोग्यविमा, त्यांची बाजू मांडणारा माणूस. जमले नाही. किताब हातात असताना तो करार संपेपर्यंत थांबला, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये मोकळा होऊन बाहेर पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला बॉक्सिंगचा विजेता टायसन फ्युरी याच्याशी लढला. तिसऱ्या फेरीत फ्युरीला खाली पाडले, पण निकालात हरला. त्या एका हरलेल्या रात्रीचे त्याला कोटी डॉलरच्या घरात मिळाल्याचे सर्वत्र छापून आले. हात तेच, माणूस तोच. पण हे लक्षात घ्या, की बिनकमाईचे दीड वर्ष बसून काढायला लागणारी छाती आणि शिल्लक किती जणांकडे असते?

आपल्याकडे कुस्तीला राजाश्रय होता. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबाग मैदान बांधले, पैलवानांचा खुराक दरबारातून चाले. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेला तेव्हा त्याच्या लढतीवर २५० पौंड आणि जॉन बुल पट्टा लागला होता. त्याच वर्षी अमेरिकेत जॅक जॉन्सन आणि जेफ्रीज यांच्या बॉक्सिंगवर १ लाख १ हजार डॉलर लागले. तेव्हाही जिथे बोली लावणारे अनेक, तिथे पैसा अधिक. मग संस्थाने गेली. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर ७ हजारांना गहाण ठेवले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले आणि परत आल्यावर कुस्तीची मैदाने भरवून ते कर्ज फेडले. पुढे पोलिसात नोकरी केली. आपल्या हवालदाराला हेच आठवत होते. खेळ खेळावा, पोटासाठी नोकरी असावी.

माझे स्वतःचे सांगतो. कॅप्टन असताना सरावात माझा उजवा गुडघा गेला. तीन महिने लष्करी इस्पितळात होतो. एक दिवसाचा पगार कापला गेला नाही. आजही गुडघा दुखतो तेव्हा मी सरकारी दवाखान्यात जातो. सैनिकाला संघटना करता येत नाही, पगाराचा सौदा करता येत नाही, सोडून जावेसे वाटले म्हणून जाता येत नाही. ते हक्क त्याने दिलेले असतात. बदल्यात त्याच्या गुडघ्याची, त्याच्या म्हातारपणाची आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोची जबाबदारी देशाने घेतलेली असते. बॉक्सरची जबाबदारी अशी कुणी घेत नाही, पण त्याला बोली लावून घेता येते. पिंजऱ्यातल्या लढवय्याला सैनिकासारखे बांधले जाते आणि कंत्राटदारासारखे सोडले जाते. महिनाभराच्या वाचनातून मला समजले ते इतकेच.

मग मी पोरासाठी कागदावर हिशेब मांडला. धरून चालू की तो निवडला गेला. जगभरातून सुमारे सहाशे जण यूएफसीत असतात, त्यांतला एक झाला. करार बारा आणि बारा. वर्षात तीन लढती, दोन जिंकल्या. उतरण्याचे ३६ हजार, जिंकण्याचे २४, गणवेशाचे १२. एकूण ७२ हजार डॉलर. अमेरिकेत परदेशी खेळाडूचा कर ३० टक्क्यांपर्यंत कापला जातो. व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांचे मिळून २० टक्के धरू. उरले ३६ हजार. लढतीमागे तपासण्या, खुराक, जोडीदारांचा खर्च २ हजार. उरले ३० हजार. डॉलरला ८५ रुपये धरले तर साडेपंचवीस लाख.

हे वाईट नाहीत, मी पोराला तसे सांगितले. आता दुसरे वर्ष धरू. सरावात खांदा निखळला, एकच लढत झाली, ती हरला. उतरण्याचे १२, गणवेशाचे ४. निम्मे गेले, खर्च गेला, उरले ६ हजार डॉलर. ५ लाख १० हजार रुपये. आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची हमी नाही. वयाच्या पस्तिशीनंतरचा रकाना मी कोरा सोडला.

पोरगा म्हणाला, "साहेब, रेल्वेचा पस्तिशीनंतरचा रकाना भरलेला आहे, मान्य. पण त्यात मी नाही."

मंडळी, याला उत्तर माझ्याकडे नव्हते. वयाच्या एकविसाव्या वर्षी मी वडिलांना जवळजवळ हेच म्हटले होते, फक्त तेव्हा मला फौज हवी होती आणि त्यांना बँकेची नोकरी. मी हवालदाराला सांगितले, पोराला थेट अडवू नकोस. पण सही करण्याआधी प्रत्येक कागद मला दाखवायला सांग.

मागच्या पंधरवड्यात कागद आला. आपल्याच देशातल्या एका लहान आयोजकाचा, चार पानांचा, इंग्रजीत. रक्कम हजारांत. पण तिसऱ्या पानावर तेच दोन मुद्दे होते, ज्यांवरून नेवाडात दहा वर्षे भांडण झाले. किताब मिळाल्यास करार आपोआप वाढेल. दुखापतीचा काळ मुदतीत धरला जाणार नाही. मी दोन्हीखाली लाल रेघ ओढली आणि पोराला म्हटले, तीन गोष्टी माग. मुदत वर्षाची, वाढ नाही. लढतीतल्या दुखापतीचा खर्च त्यांचा. आणि आपली नोकरी सांभाळण्याची मुभा.

त्याने मागितल्या. मुदतीचे त्यांनी मानले नाही. तेव्हा तो म्हणाला, मग एकाच लढतीचा करार करा. त्याला ते तयार झाले, रक्कम थोडी कमी करून. दुखापतीचा खर्चही लिहून दिला. रेल्वेत हजर होण्याची तारीख लढतीनंतर अठरा दिवसांनी आहे. तो हजर होणार की नाही हे त्याने अजून सांगितलेले नाही.

काल हवालदाराचा फोन आला. लढत मोबाइलवर दिसणार आहे म्हणाला. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी बेळगावला याल का? मला एकट्याला बघवणार नाही."

तिकीट काढले आहे. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.